क्लिअर मारल्यावर रंगाला सुरकुत्या, तातडीने मदत हवी आहे

सहावी_तार
पहिली इलेक्ट्रिक गिटार घरीच बनवतो आहे. बॉडी कापून, राउटिंग करून (यंत्राने खाचा कोरून), घासून झाली. काळा रंग छान बसला होता. आज क्लिअरचा, म्हणजे वरच्या पारदर्शक लॅकरचा, दुसरा हात मारला आणि काही मिनिटांत कडांपाशी रंग आकसून सुरकुत्या पडल्या. मधला भाग ठीक आहे. तेवढंच घासून वरून एक जाड हात दिला तर झाकलं जाईल का? शनिवारी तारा चढवायच्याच आहेत. जाणकारांनी लवकर सांगावं.

भुसा
कोणता काळा रंग? कोणतं क्लिअर? मध्ये किती वेळ गेला? खाली काय आहे? आणि जाड हात अजिबात देऊ नका. जेवढं जास्त थिनर आत जाईल तेवढ्या सुरकुत्या वाढतील.

खर्ज
हवा दमट असणार. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी लॅकरवर धरतं. रिटार्डर, म्हणजे सावकाश उडणारं, थिनर घाला, काम होईल. कॉम्प्रेसरच्या लाइनला पाणी अडवणारा फिल्टर लावलाय का?

भुसा
खर्ज, दमट हवेने लॅकर दुधाळ, पांढरट होतं. इथे रंग आकसलाय. दोन वेगळे आजार आहेत.

सहावी_तार
पांढरं काहीच नाही. कॉम्प्रेसरही नाही, दोन्ही स्प्रेचे डबे आहेत. काळा परवा मारला, हाताला कोरडा होता. लाकूड महोगनी, रंध्रं भरून सॅन्डिंग सीलर (रंगाखालचा, घासून सपाट करायचा थर) दिला होता. जाड हाताचं कळलं, पण मग करू काय?

तेलपाणी
म्हणूनच मी नेहमी सांगतो, पहिल्या गिटारला स्प्रे नकोच. टंग ऑइल (लाकडात मुरून वाळणारं तेल) कापडाने चोळा, जास्तीचं पुसा, वाळू द्या, पुन्हा चोळा. ना धूळ बसते, ना ओघळ येतात. ओरखडा आला तर तेवढ्याच जागी पुन्हा तेल. माझ्या सगळ्या गिटार तेलावरच आहेत.

भुसा
त्यांना काळी चकचकीत गिटार हवी आहे हो. सहावी_तार, डब्यांवरचा बारीक मजकूर वाचा. इनॅमल, ॲक्रिलिक, नायट्रो, काय लिहिलंय?

सहावी_तार
काळ्यावर सिंथेटिक इनॅमल. क्लिअरवर नायट्रोसेल्युलोज लॅकर. दोन्ही लाकडासाठी चालतं असं डब्यावर आहे.

भुसा
सापडलं. इनॅमल नुसतं थिनर उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू आतून घट्ट होतं. हाताला कोरडं लागलं तरी आत कच्चंच असतं. लॅकरचं थिनर जहाल, ते त्या कच्च्या थरात शिरतं, थर फुगतो आणि उचलला जातो. कडांवर फवारे एकावर एक पडतात, तिथे ओल जास्त, म्हणून सुरुवात तिथून.

खात्री करायची तर कंट्रोल कॅव्हिटीत (वायरिंगच्या खाचेत) काळा रंग उडाला असेल तिथे लॅकर थिनरची चिंधी क्षणभर टेकवा. लॅकर असेल तर विरघळून चिकट होईल, इनॅमल असेल तर सुरकुतून उठेल.

चपडा
सगळं उतरवायची गरज नाही. सुरकुत्या घासून सपाट करा, मेण काढलेल्या लाखेचे पातळ हात द्या आणि वर लॅकर अगदी कोरडं, धुक्यासारखं फवारा. लाख मध्ये भिंतीसारखी उभी राहते. मी एका जुन्या बॉडीवर हेच केलंय.

भुसा
जुन्या, पक्क्या झालेल्या रंगावर चालेल. दोन दिवसांच्या इनॅमलवर नाही. लॅकर थिनरमध्ये अल्कोहोलही असतं, ते लाखेलाच मऊ करतं. एक फवारा ओला पडला की भिंत गेली.

दोन_घटक
टू-के, म्हणजे दोन घटकांचं, पॉलीयुरेथेन मारा, विषय संपला. हार्डनर घातला की रासायनिकरीत्या पक्कं होतं, नंतर थिनरने विरघळत नाही. टणकपणात नायट्रो त्याच्या जवळपासही नाही.

भुसा
घरात फवारायला? त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला बिथरलं की थोडासा वासही पुरतो. बाहेरून हवा पुरवणाऱ्या मास्कशिवाय नवख्याला हे सुचवू नका. नायट्रोलाही सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज असलेला मास्क, मोकळी हवा हवी, आणि जवळ ज्योत किंवा ठिणगी नको. ते भडकन पेटतं.

खर्ज
पण आवाजाचं काय? जाड पॉलीखाली लाकूड गुदमरतं. नायट्रो पातळ, म्हणून गिटार श्वास घेते.

दोन_घटक
पिकअप (तारांखालचं चुंबकी यंत्र) लोखंडी तारेचं कंपन पकडतो, लाकडाचा श्वास नाही. पिकअपची उंची थोडी बदला, रंगापेक्षा जास्त फरक ऐकू येईल.

बारावा_फ्रेट
यात पडत नाही, पण ब्रिजची भोकं पाडलीत का? २५.५ इंच स्केल (तारेची वाजणारी लांबी) असेल तर नटपासून (नेकच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून) बाराव्या फ्रेटपर्यंत ३२३.८५ मिमी, आणि तिथून सॅडलपर्यंत (ब्रिजवरच्या तारेच्या टेकूपर्यंत) तेवढंच. जाड तारांचे सॅडल त्याहून किंचित मागे जातात, तेवढी सरकायची जागा ठेवा. ब्रिजखाली अर्थिंगची तारही आधीच ओवून घ्या.

सहावी_तार
भोकं आधीच पाडली आहेत. कॅव्हिटीत चिंधी लावून पाहिली, रंग लगेच उठला. उतरवतो सगळं. पण शनिवारचं काय? आणि नेक पॉकेटमध्येही (नेक बसवायच्या खाचेतही) रंग गेलाय, तो राहू दे का?

भुसा
पॉकेटमधलाही काढा. नेक लाकडावर घट्ट बसला पाहिजे. रंगाच्या थराने नेकचा कोन बदलतो, आणि पॉकेट घट्ट असेल तर नेक घालताना कडेचा रंग तडकतो. पुढच्या वेळी तिथे मास्किंग टेप लावा.

बाकी रंग स्क्रॅपरने ओढा, मग १८० आणि ३२० नंबरच्या सॅन्डपेपरने सीलरपर्यंत या. कडा हाताने घासा, यंत्राने गोलाई बिघडते. काळा आणि क्लिअर दोन्ही नायट्रोच घ्या, एकाच कंपनीचे. नायट्रोचा नवा हात खालच्या हातात विरघळून एकजीव होतो. आधी सीलर लावलेल्या भंगार तुकड्यावर पूर्ण क्रम करून पाहा. शेवटच्या हातानंतर तीन-चार आठवडे टांगून ठेवा, मगच पाणी लावून १००० पासून २००० पर्यंत घासा आणि पॉलिश करा. लवकर घासलं तर थर नंतर आकसतो आणि महोगनीची रंध्रं वर दिसायला लागतात.

शनिवारी तारा चढवायच्याच असतील तर रंग उतरवलेल्या बॉडीवरच चढवा. नेक, ब्रिज, वायरिंग तपासून होईल. मग सगळं खोलून रंगाला घ्या.

सहावी_तार
हे जमेल. शनिवारी कोऱ्या लाकडावरच जोडतो. चपडा, तुमची लाख भंगार तुकड्यावर करून बघेन.

तेलपाणी
कोरं लाकूड आहेच तर एकदा तेल चोळून बघा.

भुसा
नको! तेल मुरलं की वर नायट्रो नीट धरणार नाही. काळी करायची असेल तर तेल लाकडाजवळही आणू नका.