होकुसाईची लाट माउसपॅडवर : निळा जांभळा का पडतो?

नवीपेठ_प्रिंट
सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत स्टॉल टाकायचाय. माल असा: जपानी वुडब्लॉक (लाकडी ठशाने छापलेल्या) चित्रांचे माउसपॅड (२२ × १८ सेंमी, ३ मिमी रबर), एमडीएफचे (दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळीचे) चौकोनी कोस्टर आणि टेबलावर टाकायचे सुती रुमाल. सब्लिमेशन प्रिंटर (आधी कागदावर छापायचं, मग उष्णतेने रंग वस्तूत मुरवायचा) आणि सपाट हीट प्रेस आहे, १९० अंशांवर ६० सेकंद दाबतो. जपानी चित्रकार होकुसाईच्या प्रसिद्ध लाटेच्या चित्रातला गडद निळा जांभळट येतोय, आकाशात पट्टे दिसतात आणि रुमालावरचा रंग पहिल्याच धुण्यात उतरला. कॉपीराइटचं लफडं होईल का?

रंगारी_४१३
आधी निळ्याचं बघू. साधारण १८३१ च्या त्या चित्रात प्रशियन ब्लू आहे. तो किंचित हिरव्याकडे झुकलेला निळा, त्यामुळे मॅजेंटा जरा वाढला तरी लगेच डोळ्याला खुपतो. तुमच्या शाई-कागदाच्या जोडीचं आयसीसी प्रोफाइल (रंग बरोबर उमटावेत म्हणून लावायची फाइल) शाईवाल्याकडून घ्या. ते सॉफ्टवेअरमध्ये लावलं की प्रिंटर ड्रायव्हरमधलं कलर करेक्शन बंद करा, नाहीतर दुरुस्ती दोनदा होते. कागदावर रंग मळकट दिसणारच, पारख दाबल्यावरच करायची. काळा तपकिरी पडत असेल तर वेळ जास्त होतोय, ४५ सेकंदांवर आणा.

पट्ट्यांची दोन कारणं असतात. पानभर सारख्या अंतरावर आडव्या रेघा असतील तर नोझल (शाई सोडणारं छिद्र) चोंदलंय. आपल्याकडच्या कोरड्या हवेत हे ठरलेलंच. मशीन नुसतं उभं ठेवू नका, एक दिवसाआड चारही रंगांची छोटी पट्टी छापा. पायऱ्या फक्त आकाशातच दिसत असतील तर फाइल खराब आहे. ठशावर रंग पुसत आणलेली ती उतरती छटा (बोकाशी) पुन्हा पुन्हा सेव्ह केलेल्या जेपेगमध्ये तुटते. मूळ फाइल घ्या आणि १-२ टक्के नॉइज (बारीक ठिपके) टाका.

ठसा_आणि_कागद
होकुसाई १८४९ मध्ये गेला, दुसरा जपानी चित्रकार हिरोशिगे १८५८ मध्ये. भारतात कॉपीराइट मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे मूळ चित्रं केव्हाच मोकळी झाली. पण लाट नव्याने काढून कुणी टाकलेलं व्हेक्टर (संगणकावरचं रेखाचित्र) उचललंत तर ते त्याचं काम आहे. न्यूयॉर्कचं मेट म्युझियम किंवा आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागो यांच्या साइटवर सीसी-झिरो (म्हणजे कुणालाही वापरायला मोकळी) लिहिलेली फाइल घ्या. २२ सेंमीला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) रुंदीत २६०० पिक्सेल लागतात.

मापाचाही घोळ आहे. मूळ चित्र सुमारे २५.७ × ३७.९ सेंमी. उंची १८ धरली तर रुंदी साडेसव्वीस होते, म्हणजे साडेचार सेंमी कापावं लागतं. डावीकडून कापू नका, सही तिथेच आहे आणि लाटही. मी तर कापूच नका म्हणेन: रुंदी पूर्ण २२ ठेवा, वर-खाली दीड-दीड सेंमी उरतं, तिथे चित्रातल्याच कागदाचा पिवळसर रंग भरा. चित्र ताणून बसवलेले माउसपॅड बाजारात ढिगाने आहेत. फुजी पर्वत त्यात वारुळासारखा दिसतो.

कोस्टरवर अख्खं चित्र नको. फेसाची नखं आणि फुजी एवढाच तुकडा घ्या. हिरोशिगेचं १८५७ चं पुलावरच्या पावसाचं चित्र तर कोस्टरवर टाळाच. रेघा इतक्या बारीक होतात की शाई पसरून करडा धूर उरतो.

प्रेसवाला
रुमालाचं सरळ आहे: सब्लिमेशन पॉलिस्टरमध्येच मुरतं, सुतात नाही. तापमान वाढवून उपयोग नाही. आपल्या सोलापुरी टेरी टॉवेलवर डीटीएफ फिल्मही (फिल्मवर छापून उष्णतेने कापडावर चिकटवायचं चित्र) नीट धरत नाही, कारण ती धाग्यांच्या फाशांच्या टोकांवर चिकटते आणि मधे पोकळी राहते. साध्या विणीच्या सुतावर डीटीएफ चालेल, हाताला कडक लागेल.

माउसपॅड आधी ५ सेकंद कोरडा दाबा, ओल निघते. कागद उष्णतारोधक टेपने दोन कडांना बांधा. प्रेस उघडताना तो सरकला की दुहेरी सावली पडते. वर-खाली बटर पेपर, दर वेळी नवा. टेफ्लॉनच्या शीटवर राहिलेली शाई पुढच्या पॅडवर उमटते. दाब मध्यम, नाहीतर रबर चेपतं.

नवीपेठ_प्रिंट
कोस्टरवर रंग एकदम फिका आला, तोच कागद असून.

प्रेसवाला
कोस्टरवरची पारदर्शक संरक्षक फिल्म काढली का? नखाने कोपरा उचलून बघा.