मदत हवी आहे: मुलांना पिअर रिव्ह्यू कसा समजावू?

मंडळी, शनिवारी टीवायबीएस्सीच्या मुलांसमोर पिअर रिव्ह्यूवर, म्हणजे संशोधनाचा लेख छापण्याआधी त्याच विषयातल्या तज्ज्ञांकडून तपासून घेण्याच्या पद्धतीवर, अर्धा तास बोलायचंय. या पद्धतीच्या बाजूने सांगायला आइनस्टाइनचा किस्सा आहे. १९३६ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू' या भौतिकशास्त्राच्या नियतकालिकाने त्यांचा गुरुत्वीय लहरींवरचा लेख परीक्षकाकडे पाठवला, तर स्वारी चिडली आणि लेखच परत घेतला. परीक्षकाने दाखवलेली चूक मात्र खरोखर होती! पुढे दुसरीकडे छापताना निष्कर्ष बदलावा लागला.

विरुद्ध बाजूला 'लॅन्सेट' हे वैद्यकीय नियतकालिक. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा डॉक्टर वेकफिल्ड यांचा चुकीचा लेख १९९८ मध्ये छापला, मागे घेतला थेट २०१० मध्ये. परीक्षक हातात आलेला मजकूर तपासतो, रुग्णांच्या मूळ नोंदी नाही, इथपर्यंत मी समजावू शकते. पण मुलं विचारणारच, "मॅडम, मग उपयोग काय?" तिथे माझी गाडी अडते. (मला एका परीक्षकाने 'प्रस्तावना वाढवा' आणि दुसऱ्याने 'निम्मी करा' सांगितलंय, त्यामुळे मी तटस्थ नाहीच.)

तुमच्यापैकी कोणी परीक्षण करतं का? एका लेखाला किती वेळ देता? आकडेमोड स्वतः करून बघता का? आणि 'समकक्ष परीक्षण' हा शब्द मुलांना कळेल, की आणखी सोपा सुचतोय?