ई 240 गरम झाली की बंद पडते, सल्ला हवा आहे

बी-302: नमस्कार. बाबांची 2005 ची मर्सिडीज ई 240 सगळ्यांनी आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाहिलीच आहे. काल लोणावळ्याहून येताना चांदणी चौकात बंद पडली. स्टार्टर फिरतो, पण इंजिन पकडत नाही. अर्ध्या तासाने आपोआप सुरू झाली. महिन्यातली ही तिसरी वेळ. गॅरेजवाल्यांनी फ्युएल पंप, सहा कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या) आणि 12 प्लग बदलायला सांगितलेत, एस्टिमेट सव्वा लाखाच्या पुढे. बाबा 76 वर्षांचे आहेत, गाडी विकायची नाही म्हणतात. कोणाला यातलं कळत असेल तर सांगा प्लीज.

सी-104: सहा सिलिंडरला 12 प्लग? ताई, फसवतायत तुम्हाला.

ए-704: नाही, 12 बरोबर आहेत. या गाडीत एम 112 इंजिन आहे, व्ही 6. प्रत्येक सिलिंडरला तीन व्हॉल्व्ह आणि दोन प्लग. त्यामुळे त्यावर शंका घेऊ नका. पण तिन्ही गोष्टी एकदम बदलायच्या, याचा अर्थ बिघाड अजून सापडलेला नाही. बाळा, बंद पडताना गाडी आधी झटके देत होती की एकदम गेली?

बी-302: एकदम गेली काका. काहीच झटका नाही.

ए-704: आणि स्टार्टर मारताना आरपीएमचा काटा जरा तरी हलत होता का?

बी-302: बाबा म्हणतात जागचा हलला नाही.

ए-704: मग पंपावर एक रुपयाही खर्च करू नका अजून. सविस्तर लिहितो.

पंप जायला लागला की गाडी आधी ओढत नाही, चढाला दम सोडते, झटके देते. सहा कॉइल एकाच क्षणी जाणं तर जवळपास अशक्य. एक कॉइल गेली तर गाडी मिसिंग मारते, पण चालत राहते. गरम असताना एकदम बंद, थंड झाल्यावर पुन्हा सुरू, हे या इंजिनात क्रँक सेन्सरचं जुनं लक्षण आहे. हा सेन्सर इंजिनाच्या मागच्या टोकाला, गिअरबॉक्स जोडतात तिथे बसतो. फ्लायव्हीलचे, म्हणजे इंजिनाच्या मागच्या जड चाकाचे, दात मोजून इंजिन किती वेगाने आणि कुठल्या स्थितीत फिरतंय ते कॉम्प्युटरला कळवतो. आत बारीक तारेची गुंडाळी असते. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन ती कुठेतरी तुटते. गरम झाली की टोकं लांब होतात, थंड झाली की पुन्हा टेकतात. सिग्नल गेला की कॉम्प्युटर स्पार्क आणि पेट्रोल दोन्ही बंद करतो. म्हणून पंपही वाईट वाटतो आणि कॉइलही.

खात्री अशी करा. गाडी बंद पडलेली असतानाच स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) लावा आणि स्टार्टर मारत लाइव्ह डेटात आरपीएम बघा. शून्य दिसला तर सेन्सर किंवा त्याची वायर. 200 च्या आसपास दिसला तर मी चुकलो, मग पेट्रोलचं प्रेशर गेज लावून मोजायचं. थंड गाडी स्कॅन करून काही कळणार नाही. क्रँक सेन्सरच्या बिघाडाचा कोड पी 0335 दिसेलच असंही नाही.

डी-501: माझ्या जुन्या सी क्लासला हेच झालं होतं. काकांचं ऐका ताई.

बी-302: काका खूप आभार. सेन्सर कुठून घेऊ? एकाने कुर्ल्याहून स्क्रॅपमधला आणून देतो म्हटलंय.

ए-704: स्क्रॅपमधला सेन्सर अजिबात नको. तोही 20 वर्षं तितकाच तापलेला असणार. दाराचं हँडल, आरसा, काच, डॅशची पट्टी स्क्रॅपमधून खुशाल घ्या. उष्णता सोसणारी, रबराची किंवा विजेवर चालणारी वस्तू नवीच घ्यायची.

नाना पेठेत, पुण्याच्या स्पेअर पार्टच्या बाजारात, जाताना आरसीवरचा 17 अक्षरी चॅसिस नंबर घेऊन जा. "ई क्लासचा सेन्सर द्या" म्हणालात तर काहीही हातात पडेल. चॅसिस नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्या आणि जुना सेन्सर शेजारी ठेवून कनेक्टर, लांबी, बोल्टचं भोक जुळवून बघा. जुन्यावर मूळ बनवणाऱ्या कंपनीचं नाव असतं. त्याच कंपनीचा, मर्सिडीजच्या ताऱ्याशिवायच्या डब्यातला मिळाला तर तो घ्या, पैसे वाचतात. फारच स्वस्त मिळाला तर नकली समजा. आणि बदललेला प्रत्येक जुना भाग गॅरेजमधून परत मागायचा.

अजून एक, हे महत्त्वाचं आहे. या वर्षाच्या गाडीला एसबीसी, म्हणजे कॉम्प्युटरने चालणारे ब्रेक आहेत. नुसतं दार उघडलं तरी सिस्टिम जागी होऊन प्रेशर आणते. कोणी ब्रेक पॅडला हात लावणार असेल तर स्कॅनरने ती आधी बंद करायलाच हवी, नाहीतर बोट चिरडेल.

ए-203: काका, ही गाडी आपल्याकडेच बनली ना?

ए-704: हो, पिंपरीत. 2009 मध्ये प्लांट चाकणला गेला, त्याआधी टेल्कोच्या आवारात जुळणी व्हायची. म्हणूनच नीट चालावी असं फार वाटतं.

(दहा दिवसांनी)

बी-302: काका! स्टार्टर मारताना आरपीएम शून्यच होता. सेन्सर बदलला, एकच बोल्ट. काल भर दुपारी लोणावळ्याला जाऊन आलो, एकदाही बंद पडली नाही. बाबा स्वतः चालवत होते. पण चेक लाइट लागलाय, पी 0171 आणि पी 0174, म्हणजे इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. गॅरेज म्हणतंय एअर मास सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) बदला.

ए-704: बाबांना नमस्कार सांग. फ्युएल ट्रिमचे, म्हणजे कॉम्प्युटर किती टक्के पेट्रोल वाढवून किंवा कमी करून देतोय त्याचे, आकडे आहेत का?

बी-302: आयडलला (गाडी जागेवर उभी, इंजिन चालू) अधिक 24. 2500 आरपीएमला अधिक 10. दोन्ही बँकला (तीन-तीन सिलिंडरच्या दोन बाजू) जवळपास सारखेच.

ए-704: आकडे घेतलेस हे फार चांगलं केलंस. यातले 8-9 ई 20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचे. शुद्ध पेट्रोलला किलोमागे 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला 9. त्यामुळे जुन्या गाडीला पेट्रोल वाढवून द्यावंच लागतं, तो बिघाड नव्हे. आयडलला जे 14 जास्त आहेत, ते मात्र बिघाडाचे. एअर मास सेन्सर चुकत असता तर आरपीएम वाढवल्यावरही आकडा चढाच राहिला असता. तो उतरतोय, म्हणजे सेन्सरच्या पुढे कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरतेय. दोन्ही बँक सारख्या, म्हणून जागा सामाईक आहे. ब्रीदर पाइप तडकला असेल किंवा सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डचं गॅस्केट. स्मोक टेस्ट केली, म्हणजे हवेच्या वाटेत धूर सोडला, की धूर जागा दाखवेल.

बी-302: स्मोक मशीन गॅरेजकडे नाही.

ए-704: माझ्या मित्राच्या वर्कशॉपमध्ये आहे, मी मागून आणतो. रविवारी सकाळी 7 ला खाली भेटू. थंड असताना फट मोठी असते, तेव्हा त्याआधी बाबांना गाडी सुरू करू देऊ नकोस.