कंपनीला दावा, आपल्याला अर्ज?

कुर्लेकर

काल संध्याकाळी सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यावर तासभर अडकलो. रिक्षावाल्याने इंजिन बंद करून तंबाखू मळायला घेतली, तेव्हा या रस्त्याची जन्मकथा आठवली. तीच घेऊन धागा काढतोय.

हा रस्ता एमयूटीपीतला, म्हणजे मुंबई शहरी परिवहन प्रकल्पातला. त्या प्रकल्पाला २००२ साली जागतिक बँकेचं कर्ज मंजूर झालं. वाटेत येणाऱ्या कुर्ल्यातल्या दुकानदारांना बदल्यात मिळणार होती जास्तीत जास्त २२५ चौरस फुटांची जागा, मग मूळ दुकान कितीही मोठं असो. २००४ मध्ये त्यांनी थेट बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार केली. मंडळ मुंबईत आलं, वस्त्या फिरलं आणि अहवालात आपल्याच बँकेचे कान उपटले. मार्च २००६ मध्ये बँकेने रस्त्यांचे आणि पुनर्वसनाचे पैसे रोखले. जूनअखेर ते पुन्हा सुरू झाले.

वाटतं, वा, काय लोकशाही! पण हे मंडळ चौकशी करतं, अहवाल देतं आणि तिथेच त्याची हद्द संपते. कुणाला एक रुपया भरपाई द्यायला लावण्याचा अधिकार त्याला नाही.

आता दुसरी गोष्ट. व्हाइट इंडस्ट्रीज नावाची ऑस्ट्रेलियन कंपनी. कोल इंडियाशी भांडण झालं, २००२ मध्ये लवादाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला, पण त्याची वसुली आपल्या कोर्टांत नऊ वर्षं रखडली. मग कंपनीने भारत-ऑस्ट्रेलिया गुंतवणूक करार बाहेर काढला. त्यात सोयीचं कलम नव्हतं, तर भारत-कुवेत करारातलं कलम उसनं घेतलं. हो, असं करता येतं! २०११ मध्ये ती भारत सरकारविरुद्ध जिंकली. सुमारे ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, व्याज वेगळं. सरकारचा गुन्हा काय? न्यायाला उशीर झाला.

आमच्या चाळीची पागडीची केस १९९१ पासून चालू आहे. वादी गेले, प्रतिवादी गेले, वकिलांचा मुलगा आता तीच फाइल घेऊन उभा राहतो. आम्ही कुठल्या कुवेतकडून कलम उसनं आणायचं?

माझं म्हणणं एवढंच. देशादेशांनी मिळून उभ्या केलेल्या या यंत्रणांत कंपनीला दावा ठोकता येतो आणि नागरिकाला अर्ज करता येतो. नोकरशाहीचं थोडंफार ज्ञान असलेल्या कुणालाही या दोन शब्दांतलं अंतर कळेल.

स्लो_लोकल

पागडीवर हसलो, पण युक्तिवादात गल्लत आहे. जागतिक बँक ही संस्था. गुंतवणूक करार हा दोन सरकारांमधला कागद. दोन्ही एकाच पिशवीत घातलेत तुम्ही. आणि त्या कागदावर सही कुणी केली? दिल्लीत बसलेल्या, आपण निवडून दिलेल्या लोकांनी.

मराठी माणसाला एन्रॉन, म्हणजे त्या अमेरिकन कंपनीचा दाभोळचा वीजप्रकल्प, तरी विसरता येऊ नये. १९९३ मध्ये दाभोळला कर्ज द्यायला कोण नाही म्हणालं होतं? जागतिक बँक. हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, असं तिने कळवलं होतं. तरी करार झाला. १९९५ मध्ये युती सरकारने तो रद्द केला, पुढच्याच वर्षी नव्याने केला. मे १९९६ मध्ये वाजपेयींचं सरकार तेरा दिवस टिकलं, तेवढ्यात केंद्राची प्रतिहमीही, म्हणजे राज्याने पैसे थकवले तर केंद्र भरेल ही हमी, पक्की करून गेलं. २००१ मध्ये वीजनिर्मिती थांबली आणि गुहागरच्या किनाऱ्यावर तो सांगाडा उभा राहिला.

इथे कंपनीचं हित कुणी बघितलं आणि नागरिकाचं कुणी? उत्तर तुमच्या सिद्धांतात बसत नाही.

कुर्लेकर

एन्रॉनची गोष्ट तुम्ही मध्येच सोडलीत. प्रकल्प बुडाल्यावर एन्रॉनच्या त्यातल्या भागीदार बेक्टेल आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी आपल्या मॉरिशसमधल्या उपकंपन्या पुढे केल्या आणि भारत-मॉरिशस करार वापरून आपल्याविरुद्ध दावे लावले. दोन्ही कंपन्या अमेरिकन, वीज रत्नागिरी जिल्ह्यातली, करार मॉरिशसचा. २००५ मध्ये तडजोड करून प्रकरण मिटवावं लागलं. महागड्या विजेचा भार आपल्यावर पडला, तेव्हा आपल्याला कुठला मॉरिशस होता?

सही आपल्या सरकारची, हे मान्य. म्हणून तर २०१६ पासून भारताने असे पन्नासहून अधिक करार मोडीत काढले. कराराच्या नव्या नमुन्यात आधी पाच वर्षं इथल्या कोर्टात भांडा, अशी अट घातली. करार जर सगळ्यांच्या भल्याचे होते, तर मोडले कशाला?

चौथा_इंजिनियर

जहाजावर चौथा इंजिनियर होतो, आता किनाऱ्यावर नोकरी करतो. दोघांचंही वाचलं. तुमची चर्चा सगळी वकिलांची आहे, मी इंजिनरूममधली सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमचं जहाज आखातातल्या एका बंदराबाहेर नांगर टाकून पडलं होतं. मालकाने फोन उचलणं बंद केलं. डिझेल वाचवायला जनरेटर दिवसातून चार तास. चाळीस अंशांत झोपायला डेकवर. पाच महिने पगार नाही. डोंबिवलीला बायको घराच्या हप्त्यासाठी दागिने मोडत होती. ज्या एजंटाने चढवलं, तो म्हणायचा, ‘थोडं सांभाळून घ्या.’

सुटलो कशामुळे? मेसच्या भिंतीवर चिकटवलेल्या एका कागदामुळे. सागरी कामगार करार, २००६ सालचा. आयएलओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा. त्यातल्या दुरुस्तीनुसार जानेवारी २०१७ पासून जहाजाच्या मालकाला विमा काढावाच लागतो. त्याने जहाज वाऱ्यावर सोडलं, तर खलाशांचा चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी परतायचा खर्च विमावाला देतो. प्रमाणपत्र सगळ्यांना दिसेल असं लावायचं. आम्ही त्यावरच्या पत्त्यावर मेल केला. माझा पगार पाच महिन्यांचा थकला होता, मिळाला चारचा. पाचवा बुडाला. पण मी घरी आलो.

कुर्लेकर, तो अर्ज नव्हता. तो हक्क होता. कुठल्या एका देशाने कायदा करून तो मिळाला नसता, कारण जहाज एकाचं, झेंडा, म्हणजे नोंदणी, दुसऱ्याची, खलाशी तिसरे आणि समुद्र कुणाचाच नाही.

स्लो_लोकल

याला म्हणतात मुद्दा. आणि आयएलओची रचना बघा. प्रत्येक देशाची दोन मतं सरकारची, एक मालकांचं, एक कामगारांचं. १९१९ साली वॉशिंग्टनला पहिली परिषद भरली, तेव्हा हिंदुस्थानच्या कामगारांतर्फे गेले होते ना. म. जोशी. लोअर परळला त्यांच्या नावाच्या रस्त्यावरून आपण रोज जातो, पण माणूस ठाऊक नसतो. त्या परिषदेच्या पहिल्याच करारात हिंदुस्थानसाठी आठवड्याला ६० तासांची मर्यादा आली. त्याआधी गिरण्यांत पुरुषांना दिवसाला १२ तास कायदेशीर होते. १९२२ च्या फॅक्टरी कायद्यात ते ११ वर आणि आठवड्याला ६० वर आले. आपल्या आज्या-पणज्यांच्या आयुष्यातला रोजचा एक तास जिनिव्हाच्या, म्हणजे आयएलओच्या, खात्यात जमा धरा.

कुर्लेकर

त्याच करारात बाकी बहुतेक देशांसाठी ४८ तास होते, हेही सांगा की. हिंदुस्थानला ६०. मँचेस्टरच्या कापडगिरणीवाल्यांना हिंदुस्थानातल्या गिरण्यांचे तास कमी व्हावेत असं वाटायचंच, आणि इथल्या गिरणीमालकांना ते नको होतं. मधल्या ओढाताणीतून आकडा आला. त्यात गिरणगावाचा फायदा झाला, याचा मला आनंदच आहे.

चहाबिस्कुट

चौथे इंजिनियर, झेंड्याचं तुम्हीच काढलंत म्हणून. ७ ऑगस्ट २०१० आठवतं? मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजं धडकली. कलंडलेल्या चित्रावरून कंटेनर पाण्यात, त्यात कीटकनाशकंही. शेकडो टन तेल किनाऱ्याला लागलं. आमच्याकडे आईने श्रावण संपल्यावरही कितीतरी दिवस बाजारातून मासे आणू दिले नाहीत.

चित्रावर झेंडा पनामाचा, खलिजियावर सेंट किट्सचा. सेंट किट्स नकाशात शोधायला मला भिंग लागलं. लंडनच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत देशाची वर्गणी मुख्यतः त्याच्या झेंड्याखालच्या जहाजांच्या टनांवर ठरते, त्यामुळे पनामा, लायबेरिया हे मोठे वर्गणीदार. आणि मार्शल बेटांची जहाजनोंदणी चालवते कोण? अमेरिकेतल्या व्हर्जिनियातली एक खासगी कंपनी. देशाच्या नावाची पाटी आणि आत कंपनीचं दुकान! गणपतीची वर्गणी सगळ्यात जास्त देणाऱ्या बिल्डरला मंडळाचा अध्यक्ष केल्यासारखं.

चौथा_इंजिनियर

झेंड्यांबद्दल शंभर टक्के सहमत. आमच्याही जहाजावर असाच एक उधारीचा झेंडा होता. त्या देशाचा माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

वेसावकर

समुद्राचं चाललंय तर आमचंही ऐका. आम्ही वेसाव्याचे. घरात दोन बोटी.

जागतिक व्यापार संघटनेने जून २०२२ मध्ये मासेमारीच्या अनुदानांवर करार केला, तो सप्टेंबर २०२५ मध्ये लागू झाला. बेकायदा मासेमारीला आणि जिथे साठा संपत आलाय तिथल्या मासेमारीला सरकारी पैसा द्यायचा नाही, असं त्यात आहे. खोटं कशाला बोलू, हे मला पटतं. पापलेटाची पिल्लं मारून नेणारे आणि रात्री एलईडी लावून समुद्र उपसणारे आमच्याच किनाऱ्यावर आहेत.

खरी भीती पुढच्या टप्प्याची. बोटी जास्त झाल्या, तर त्यांचं अनुदान कापा, असा तो मसुदा. २०२४ ला अबू धाबीत तो अडकला. आपल्याकडे अनुदान म्हणजे काय, तर मुख्यतः डिझेलवरच्या कराचा परतावा, तोही महिनोन्‌महिने थकतो. आपले वाणिज्यमंत्री २०२२ मध्ये जिनिव्हात म्हणाले होते की भारतातल्या मच्छीमार कुटुंबाला वर्षाला जेमतेम १५ डॉलर मिळतात आणि काही देश एका कुटुंबाला ७५ हजार डॉलरपर्यंत देतात. म्हणून आपण विकसनशील देशांना २५ वर्षांची सवलत मागतोय.

आता यात नागरिक कोण आणि धंदा कोण? स्पेनचा मोठा ट्रॉलर धंदा आणि मी नागरिक, इथवर सोपं आहे. पण आमच्या नावाने मागितलेली २५ वर्षं पर्ससीनवाल्या, म्हणजे मोठ्या जाळ्याने अख्खा थवा वेढून उचलणाऱ्या, मोठ्या मालकांनाही मिळणार. डोलीवाला, म्हणजे एका जागी जाळं लावून बसणारा छोटा मच्छीमार, आणि तो, दोघेही ‘गरीब भारतीय मच्छीमार’. दिल्ली भांडली हे चांगलंच झालं. आमच्या सोसायटीला मात्र कुणी एका ओळीनेही विचारलं नाही.

औषधवाला

जागतिक व्यापार संघटनेचा विषय निघाला आणि औषधांचं कुणी बोललं नाही, म्हणजे नवलच.

१९७० च्या आपल्या कायद्यात औषधाला पेटंट नव्हतं, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीला होतं. त्यातून इथला औषधधंदा वाढला. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी एड्सची तीन औषधं मिळून वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांची किंमत दहा हजार डॉलरच्या वर होती. व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या पेटंटविषयक करारामुळे २००५ पासून आपल्याला औषधालाच पेटंट देणं भाग पडलं. हा नियम कुणाच्या सोयीचा, हे परळला टाटा हॉस्पिटलच्या फुटपाथवर झोपलेल्या कुठल्याही नातेवाइकाला विचारा.

तरीही कुर्लेकरांच्या बाजूने मत टाकताना हात अडखळतो. त्याच करारात फटी ठेवल्या होत्या आणि आपण त्या वापरल्या. जुन्या औषधात किरकोळ बदल केला, तर पेटंट नाही, असं कलम ३(ड) आपल्या कायद्यात आलं. नोव्हार्टिस कंपनीने ग्लिव्हेक या कॅन्सरवरच्या औषधासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत लढवलं आणि १ एप्रिल २०१३ ला हरली. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने बायरच्या कॅन्सरवरच्या औषधासाठी हैदराबादच्या नॅटकोला सक्तीचा परवाना दिला, म्हणजे पेटंटवाल्याची संमती नसतानाही ते बनवायची मुभा. महिन्याचे सुमारे २ लाख ८० हजार रुपये होते, ते ८,८०० वर आले. अँटॉप हिलला टपाल कार्यालयाजवळच्या एका सरकारी इमारतीतून हे होऊ शकतं!

कुर्लेकर

आणि त्यानंतर असे किती सक्तीचे परवाने दिले गेले?

औषधवाला

एकही नाही. अर्ज आले, फेटाळले गेले. अमेरिका दरवर्षी व्यापारी दबावाच्या यादीत आपलं नाव घालते, हे खरं. पण परवाना द्यायला व्यापार संघटनेने बंदी केलेली नाही. संघटनेच्याच दोहा जाहीरनाम्यात २००१ सालीच स्पष्ट लिहिलंय की कुठल्या कारणासाठी द्यायचा, ते देशाने ठरवावं. हात आपलाच आखडलाय.

स्लो_लोकल

मी पहिल्यापासून हेच सांगतोय. जिनिव्हाला शिव्या घातल्या की दिल्ली आणि मंत्रालय सुटतं.

कुर्लेकर

आणि दिल्लीला शिव्या घातल्या की दबाव टाकणारे सुटतात. कोविडमध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेने ऑक्टोबर २०२० ला पेटंटमधून सूट मागितली. निर्णय झाला जून २०२२ ला, तोही फक्त लशींपुरता. तोवर माझ्या मजल्यावरची दोन घरं रिकामी झाली होती. सूट लगेच मिळाली असती, तर ती माणसं वाचली असती, असं मी म्हणणार नाही. पण वीस महिने कुणाशी कसली चर्चा चालली होती?

चौथ्या इंजिनियरांपुढे मात्र माझा ‘फक्त अर्ज’ टिकत नाही, हे कबूल करतो. भिंतीवरच्या त्या कागदाचा मी विचारच केला नव्हता. ती चौकट मालक, सरकार आणि कामगार, तिघांना एका टेबलावर बसवून तयार झाली, म्हणून त्यात खलाशाला हक्क मिळाला. व्यापार संघटनेत त्या टेबलावर फक्त सरकारं. तिथे वेसावकरांची खुर्ची नाही.

चौथा_इंजिनियर

खुर्ची मिळायलाही आधी युनियन लागते, बरं का. आमच्यामागे जगभरच्या खलाशांची होती. आयएलओने आपण होऊन काही दिलं नाही.

वेसावकर

सोसायटी आहे आमची, जुनी आहे. आता सरळ सांगा, पुढच्या फेरीच्या आधी आमचं म्हणणं पाठवायचं तर कुणाकडे? मत्स्य विभाग म्हणतो वाणिज्य मंत्रालय बघतं. आणि मराठीत लिहिलेलं चालतं का?

औषधवाला

वाणिज्य विभागाला पाठवा, मत्स्य विभागाला प्रत. मराठी मूळ राहू द्या, सोबत इंग्रजी जोडा. ते मी करून देतो, पेटंटच्या कामात असली भाषा रोज लिहितो. फक्त गेल्या तीन वर्षांत तुमच्या सोसायटीतल्या किती बोटींचा किती परतावा थकला, ते आकडे द्या, आणि डोलीच्या बोटी आणि पर्ससीन वेगवेगळ्या मांडा.

वेसावकर

डोलीचे आकडे उद्या सोसायटीतून काढतो. पर्ससीन आमच्याकडे फार नाहीत. त्यांचे आकडे तेच देतील का, हे विचारून सांगतो.