कन्सॉलिडेटेड बॅलन्स शीट 2,000 ने टॅली होत नाही, मदत हवी आहे

दुर्वा_पनवेल: परवा अ‍ॅडव्हान्स्ड फायनान्शियल अकाउंटिंगचा पेपर आहे आणि होल्डिंग कंपनीचं (जिच्याकडे दुसऱ्या कंपनीचे, म्हणजे सबसिडियरीचे, निम्म्याहून जास्त शेअर्स असतात) एक गणित काही केल्या सुटत नाहीये. दोघींची मिळून एक बॅलन्स शीट करायची आहे. गुडविल (शेअर्ससाठी जास्तीची मोजलेली रक्कम) 26,000, उत्तराशी जुळतं. पण असेट्सची बाजू 2,000 ने कमी पडते. स्टॉक रिझर्व्ह, म्हणजे एकीने दुसरीला विकलेल्या पण अजून शिल्लक असलेल्या मालातला नफा, वजा केलाय. कुठे बघू? लवकर सांगा प्लीज.

मिलिंद_ना: होल्डिंगकडे किती टक्के शेअर्स? माल कोणी कोणाला विकला? शेअर्स वर्षाच्या मध्ये घेतलेत का? नुसत्या फरकावरून कोण सांगणार?

जुना_जमाखर्च: आधी फरकाचा निम्मा करा. 1,000 ची रक्कम चुकीच्या बाजूला पडली आहे का बघा. फरकाला 9 ने भाग गेला असता तर आकड्यांची अदलाबदल. आमच्या सरांनी पहिल्याच तासाला शिकवलं होतं.

दुर्वा_पनवेल: ते केव्हाच बघितलं. 80 टक्के, 1 ऑक्टोबरला घेतले, प्री आणि पोस्ट (शेअर्स घेण्याआधीचं आणि नंतरचं) प्रॉफिट वेगळं केलंय. शिल्लक माल 50,000 चा, कॉस्टवर 25 टक्के नफा.

मिलिंद_ना: म्हणजे विक्रीवर 20 टक्के, नफा 10,000. विकला कोणी?

कॉमर्सवाला: अमाल्गमेशन (कंपन्यांचं विलीनीकरण) असेल तर ए.एस. 14 (अकाउंटिंग स्टँडर्ड, हिशेबाचा नियम) उघडा, त्यातल्या दोन पद्धतींपैकी पूलिंग की पर्चेस मेथड ते आधी ठरवा. आणि एम.कॉम.सोबत सीए इंटरचा फॉर्म भराच. तिथे अ‍ॅडव्हान्स्ड अकाउंटिंगचा वेगळा पेपर आहे, पाया पक्का होतो.

दुर्वा_पनवेल: अमाल्गमेशन नाहीये हो! सबसिडियरीने होल्डिंगला विकला. स्टॉकमधून 10,000 काढले, नफ्यातून 8,000, कारण होल्डिंगचा वाटा 80 टक्के.

मिलिंद_ना: मग तिथेच आहे. उरलेले 2,000 मायनॉरिटी इंटरेस्टमधून (सबसिडियरीच्या बाकीच्या शेअरहोल्डर्सचा वाटा) वजा करा. हा नफा सबसिडियरीच्या वह्यांत बसलाय, त्यात मायनॉरिटीचाही 20 टक्के हिस्सा आहे, तेव्हा वजावटही त्यांच्या वाट्याला येणार. होल्डिंगने विकला असता तर अख्खे 10,000 होल्डिंगच्याच नफ्यातून, मायनॉरिटीला हात लावायचा नाही.

जुना_जमाखर्च: आम्ही स्टॉकमधूनही 8,000 च काढायचो. दोन्हीकडे 8,000, झालं टॅली.

मिलिंद_ना: टॅली होईल, पण स्टॉकमध्ये न कमावलेला 2,000 नफा तसाच राहील. ए.एस. 21 पूर्ण नफा काढायला सांगतं, इंड ए.एस. (आंतरराष्ट्रीय नियमांशी जुळवलेली भारतीय स्टँडर्ड्स) 110 सुद्धा.

जुना_जमाखर्च: पेपर तपासणारे पायऱ्यांना मार्क देतात. वर्किंग नोट स्वच्छ असेल तर आमच्या पद्धतीलाही मिळायचे.

मिलिंद_ना: तेव्हा मिळत असतील. परवा पेपर असलेल्या मुलीला कशाला गोंधळात टाकता?

दुर्वा_पनवेल: जुळलं!! खूप आभार. पुढच्या गणितात सबसिडियरीने शेअर्स घेतल्यानंतर मागच्या वर्षीचा डिव्हिडंड दिलाय आणि होल्डिंगने तो नफ्यात जमा केलाय. तो तसाच ठेवू?

मिलिंद_ना: ए.एस. 13 प्रमाणे खरेदीआधीच्या नफ्यातला डिव्हिडंड गुंतवणुकीच्या किमतीतून वजा होतो. इंड ए.एस. 27 प्रमाणे नफ्यातच राहतो. प्रश्नात इंड ए.एस.चा उल्लेख नसेल तर पहिलं धरा.