'मी थांबलो' की 'मी थांबले'?

अनुस्वार: हौसेखातर ब्रिटिश लेखिका जेनेट विंटरसनच्या 'रिटन ऑन द बॉडी' (१९९२) या 'क्वीअर' (स्त्री-पुरुषाच्या रूढ चौकटीत न बसणाऱ्या) कादंबरीचा अनुवाद करून बघतोय. गोष्ट सांगणारा 'मी' एका विवाहित बाईच्या प्रेमात आहे, पण तो पुरुष की बाई हे शेवटपर्यंत कळू द्यायचं नाहीये. इंग्रजी क्रियापद तोंड उघडत नाही. मराठीत मात्र 'मी दारापाशी थांबलो/थांबले' असं लिहिलं की भांडं फुटलंच.

शेंडेफळ: सकर्मक भूतकाळ वापरा. 'मी दार उघडलं, पत्र फाडलं.' क्रियापद कर्माच्या मागे जातं, 'मी' नामानिराळा! भविष्यकाळही सोवळा: 'मी येईन.'

अनुस्वार: तीन पानं तेच केलं. पण प्रेमात माणूस थांबतो, रडतो, झोपतो, सगळं अकर्मक. मग 'मला रडू आलं', 'माझा पाय निघेना'. पानभर असं झालं की सगळं त्या जिवाच्या बाबतीत आपोआप घडतंय असं वाटतं. मूळ 'मी' तर चांगलाच उपद्व्यापी आहे.

जुनीवही: 'मी तिच्याकडे जात असे' चालेल की. लिंग नाही.

शेंडेफळ: आणि बखरीचा वास फुकट.

तळटीप: हसू नका. आन गारेता यांनी 'स्फिंक्स' या कादंबरीत (१९८६) फ्रेंचमध्ये हेच केलं. रोजच्या बोलण्यातल्या भूतकाळात 'मी गेलो/गेले' हा फरक लिहिताना दिसतो, म्हणून पुस्तकी भूतकाळाचा आधार घेतला. इंग्रजी अनुवादात अडचण उलटी: फ्रेंचमध्ये 'त्याचा हात, तिचा हात' एकच, इंग्रजीत वेगळे.

पाणिनीपंत: एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? नपुंसकलिंग आहे ना! 'मी थांबलं.'

जुनीवही: 'कुठं गेलं होतं माझं सोनं?' असं आजी म्हणायची, तेही पाच वर्षांच्या मला. नपुंसकलिंग लाडाचं, नाहीतर हेटाळणीचं. आणि आजीच स्वतःबद्दल 'मी आलो' म्हणायची, तिच्या बोलीत बायका तसंच बोलायच्या.

शेंडेफळ: शिवाय 'नपुंसक' ही आपल्याकडे शिवी आहे, पंत.

पाणिनीपंत: शिवी तुमच्या मनात. 'न स्त्री न पुमान्' इतकाच अर्थ. 'लिंग' म्हणजेसुद्धा मुळात खूण. असो, समलिंगी साहित्याला समलिंगी म्हणा, ते 'क्वीअर' कशाला?

तळटीप: कारण इथे 'सम' आहे की नाही हेच माहीत नाही! तेच तर पुस्तक आहे.

पाणिनीपंत: मग 'अनिश्चितलिंगी'.

शेंडेफळ: हे अर्जातल्या रकान्यासारखं वाटतं. 'क्वीअर' ही इंग्रजीतही आधी शिवीच होती. ज्यांना घातली त्यांनी उचलली.

पाणिनीपंत: परकी शिवी चालते, स्वकीय संज्ञा नाही. वा!

जुनीवही: 'समलैंगिक' बरोबर की 'समलिंगी'? आमच्या एका संपादकांनी दर वेळी लाल शाईनं 'समलैंगिक'चं 'समलिंगी' केलं होतं.

पाणिनीपंत: 'लैंगिक' विशेषण, 'लिंगी'ही विशेषणच. शब्द म्हणून दोन्ही शुद्ध.

तळटीप: शुद्ध असतील, अर्थ एक नाही. 'समलिंगी मैत्रिणी' म्हणजे काय, सांगा बरं.

अनुस्वार: मंडळी, चौथं पान. ती व्यक्ती अजून दारातच आहे.