'लँड्सपासून ०.०२० मागे' हे प्रत्येक गोळीला कसं चालेल?

ओजाइव्ह:
काल घरी काडतुसं भरायला लागलेल्या एका नवख्याला इथे सल्ला मिळाला: "गोळी लँड्सपासून ०.०२० इंच मागे बसव आणि विसरून जा, सगळ्या रायफलींत चालतं." (लँड्स म्हणजे नळीतल्या आट्यांचे उंच कड, जिथून ते सुरू होतात ती जागा.) वाचून राहवलं नाही. गोळी कुठली, हे कुणी विचारलंसुद्धा नाही! टँजंट ओजाइव्हची, म्हणजे नाकाचं वळण अंगात सलग मिसळतं ती गोळी, जम्प (लँड्सपर्यंतचं अंतर) थोडा कमीजास्त झाला तरी निभावून नेते. सीकंट ओजाइव्हची, म्हणजे नाक अंगाला कोन करून मिळतं ती, लांब व्हीएलडी (हवेचा विरोध फार कमी असलेली गोळी) तशी नाही. गोळ्या बनवणाऱ्या बर्गरनेच व्हीएलडीसाठी सुचवलेली चाचणी बघा: एकदा लँड्सच्या ०.०१० आत, मग ०.०४०, ०.०८० आणि ०.१२० मागे. टप्पे इतके लांब, कारण गोळीला मानवणारी जागा त्या पट्ट्यात कुठेही निघू शकते. माझ्या ६.५ क्रीडमूर काडतुसाच्या रायफलमध्ये व्हीएलडी ०.०८० च्या आसपास शांत झाली, म्हणजे ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका) लहान झाला. ०.०२० वर विसरून गेलो असतो तर चांगल्या नळीला नावं ठेवत बसलो असतो.

जुनी_पुंगळी:
तो सल्ला माझा आहे आणि मी तो मागे घेत नाही. नवख्याला पहिल्याच दिवशी "०.०१० आत" सांगायचं? गोळी लँड्समध्ये रुतली की प्रेशर चढतं. शिवाय न झाडता बोल्ट उघडला तर पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) बाहेर येते, गोळी नळीत अडकते आणि दारू सगळी ॲक्शनमध्ये (बोल्टच्या यंत्रणेत) सांडते. सामना चालू असताना शेजारच्या बाकावर हे घडलेलं पाहिलंय. त्या माणसाचा तो दिवस तिथेच संपला. ०.०२० वर निदान गोळी टेकत नाही.

ओजाइव्ह:
टेकवू नको म्हणा, पटेल. "विसरून जा" कशाला?

कॅलिपर:
मुळात मोजताय कुठून? टोकापासून? एकाच डब्यातल्या होलो पॉइंट (टोकाला भोक असलेल्या) गोळ्यांची टोकं सारखी नसतात. एकूण लांबी मॅगझिनमध्ये काडतूस मावतं का एवढं पाहण्यापुरती, ६.५ क्रीडमूरला सामीची (अमेरिकेतली काडतुसांची मापं ठरवणारी संस्था) मर्यादा २.८२५ इंच. जम्प ठरवायचा तर कम्पॅरेटर (कॅलिपरला लावायचं भोकाचं जोडसाधन) लावून ओजाइव्हवरून मोजा. आणि तो आकडा दुसऱ्याला देऊ नका, त्याच्या कम्पॅरेटरचं भोक तुमच्यासारखं असेलच असं नाही. वर्षानुवर्षं हेच सांगतोय, तरी लोक अजून लांब्यांची देवाणघेवाण करतात.

बेरीज_वजाबाकी:
@ओजाइव्ह, "शांत झाली" हे किती गोळ्यांवरून?

ओजाइव्ह:
गोळी बसवण्याच्या प्रत्येक खोलीला ३. सगळे तसंच करतात.

बेरीज_वजाबाकी:
मग तुम्हाला काहीच कळलेलं नाही. लोड (दारू, गोळी, पुंगळी यांचा मेळ) एकच ठेवला तरी ५ गोळ्यांचा ग्रुप ३ गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा सरासरी सव्वापट मोठा येतो आणि १० गोळ्यांचा दीडपटीहून मोठा. खोली बदललीच नाही तरी ३-३ गोळ्यांचे ग्रुप लहानमोठे होत राहतात. त्यातला सगळ्यात लहान उचलायचा आणि त्याला 'नोड', म्हणजे गोळीला मानवणारी जागा, म्हणायचं, ही लॉटरी आहे.

ओजाइव्ह:
लॉटरी? त्याच लोडवर अख्खा मोसम खेळलोय, भाऊ. प्रत्येक खोलीला २०-२० झाडायच्या तर खोली सापडेपर्यंत थ्रोट (लँड्सच्या तोंडाशी असलेला नळीचा भाग) झिजून जाईल. नळी काय तुम्ही देणार? कागदावर आकडेमोड करणं सोपं असतं.

बेरीज_वजाबाकी:
कागदावर नाही, चांदमारीवरच करतो. मोसमभर चांगला चालला म्हणजे लोड चांगला, हे मान्य. ०.०६० वर तो वाईट ठरला असता, हे कुठे सिद्ध झालं? चारच खोल्या घ्या, प्रत्येकीच्या १०-१० झाडा आणि टार्गेटं एकावर एक ठेवून बघा. दारूचं वजन तेच, पुंगळ्या त्याच. ढोबळ फरक असेल तर तेवढ्यातही दिसतो. नाही दिसला तर फरक तुमच्या कामाचा नव्हताच.

कॅलिपर:
आणि पुंगळीच्या मानेची गोळीवरची पकड? ती दर पुंगळीला वेगळी असेल तर खोली तपासण्यात काय अर्थ?

जुनी_पुंगळी:
पकडीसाठी वेगळा धागा काढा, हात जोडतो.

ओजाइव्ह:
१०-१० चं बघतो. पटलं म्हणून नव्हे. व्हीएलडी खोलीला हट्टी आहे हे मी अजूनही म्हणेन, आणि १०-१० मध्ये ते तुम्हालाच दिसेल.

थ्रोट:
सगळे लँड्स जागेवर असल्यासारखं बोलताय. थ्रोट झिजतो, लँड्स पुढे सरकतात. आज ०.०२० आहे ते मोसमाअखेर तेवढं राहत नाही. मी त्यांच्या मागे धावणं सोडलं. रुंद पट्ट्यात चालणारी खोली शोधायची आणि जम्प वाढत गेला तरी ग्रुप कुठवर टिकतो ते पाहायचं. टँजंट किंवा हायब्रिड (दोन्ही आकार एकत्र केलेल्या) गोळीत हे सोपं जातं.

जुनी_पुंगळी:
थ्रोटचा मुद्दा खरा आहे, त्याला उत्तर नाही. बरं, त्या पोराला लिहितो: ०.०२० ही सुरुवात, तिथून मागे मागे जा, गोळी कुठली ते कळव. पण एक कुणीच बोललं नाही. गोळी ०.१२० मागे ढकलली की पुंगळीतली जागा घटते आणि त्यानेही प्रेशर वाढू शकतं. म्हणून दारू कमी करून सुरू कर, हेही लिहितो. लँड्सच्या आत मात्र मी कुणाला पाठवणार नाही.

ओजाइव्ह:
दारूचं लिहाच. जामवर (गोळी लँड्समध्ये रुतवण्यावर) आपलं जमायचं नाही. आणि आधी त्याला मॅगझिन मोजायला सांगा, कित्येक रायफलींत ०.०२० ला काडतूस मॅगझिनमध्ये मावतसुद्धा नाही.